पुरुषोत्तमच्या हातचं सील

पुर्शा, तुझ्या तेरवीला इतकी माणसं आली की पत्रावळ्या दोनदा आणाव्या लागल्या. मी पंगतीत वाढायला होतो. हातात वरणाची बादली आणि डोक्यात एकच घोर, की माझ्या वेळेला किती येतील? गावाकडून चार, तेही रेल्वेत जागा मिळाली तर. इथले सेलूतले येतील, पण ते ‘भाऊच्या गॅरेजातला तो कोल्हापूरवाला’ म्हणून येतील, म्हणजे तेही तुझेच. या विचारात मी एका म्हाताऱ्याच्या भातावर दोनदा वरण ओतलं. तो ओरडला, ‘बुडवतं का बे मले?’

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. पण तू होतास तेव्हाही मी तेच करत होतो आणि तुला ते ठाऊक होतं. आता एकदम तोंड धुऊन चांगलं बोलायला लागलो तर तूच हसशील.

आपल्या रोडवरचे गॅरेजवाले तुझ्यावर चार पानांची पुस्तिका काढतायत. कुंदावैनी मला म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमीच लिवा. बाकीचे देवमाणूस देवमाणूस करतीन. मले देवमाणूस नाई पाह्यजे, मले तो पाह्यजे.’ मी सातवीत शाळा सोडलेला. अक्षर बरं आहे एवढीच माझी लायकी. तरी बसलोय.

एकोणीस वर्षांपूर्वी गडहिंग्लजकडचा गूळ घेऊन नागपूरला चाललेला ट्रक तुझ्या दारासमोर बसला, त्यावर मी क्लीनर होतो. मालकानं फोनवर बजावलं, पार्ट येईस्तोवर गाडी सोडायची नाही. अकरा दिवस मी गाडीखाली झोपलो आणि तुझ्या घरचं जेवलो. बाराव्या दिवशी ट्रक गेला, मी गेलो नाही. तू म्हणाला होतास, ‘पाव्हन्या, तुया हात नटाले वळखते. राह्य इथंच.’ माझ्या हाताबद्दल तोवर कोणी काही बोललं नव्हतं. शाळेत मास्तर बोलायचे, पण ते वेगळं.

तेव्हापासून मी पाव्हणा. इथंच लग्न झालं, इथंच घर झालं, माझ्या दोन्ही पोरी ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात, तरी मी पाव्हणा. गावी गेलो की आई म्हणते, ‘तुझी बोली बिघडली रं तानाजी.’ इथं भाजीवाली अजून विचारते, ‘तुमी तिकडचे ना?’ आणि तू? जिथं जन्मलास तिथंच गॅरेज टाकलंस. रस्त्यानं जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर तुला हात करून जायचा. मी शेजारी उभा असलो तर मीही हात वर करायचो. तो माझ्यासाठी नसायचा, हे मला आणि ट्रॅक्टरवाल्याला दोघांनाही माहीत असायचं.

कामातला हेवा तर सांगायलाच नको. गाडीखाली तेलाचा थेंब दिसला की तू बोट लावायचास, नाकाशी न्यायचास आणि सांगायचास, हे इंजिनचं की गिअरबॉक्सचं. ‘गिअर ऑइल सडक्या लसणावानी वासते, घे वास.’ मी वास घ्यायचो. मला सगळं तेल तेलासारखंच लागायचं. मग मी आपलं इंजिन धुवायचो, पुसायचो, त्यावर टाल्कम पावडर मारायचो, म्हणजे गळती जिथून उतरते तिथं ओला माग दिसतो. तू खुर्चीतून ओरडायचास, ‘लग्नाले नेतं का त्याले? काजळ बी लाव!’ गिऱ्हाईकं खो खो हसायची. माझं निदानही बरोबरच यायचं, पण दोन तासांनी.

तू काम संपलं की हात धुऊन जेवायला बसायचास. मी पहिल्या घासाला थांबायचो: तिसरा नट आवळला का? ताट सरकवून परत यायचो. आवळलेला असायचा. एकोणीस वर्षांत एकदाही सुटा सापडला नाही, तरी परत यायचोच. तू म्हणायचास, ‘तुया जीव सायकलच्या चेनीवानी आहे, सदा उतरून राह्यते.’ वर वैनींना सांगून माझं ताट झाकून ठेवायचास. ज्यानं ताट झाकून ठेवायचं, त्याचाच हेवा करायचा. जळायचं तर धड नीट जळूही दिलं नाहीस.

आता त्या फियाटचं सांगतो, कारण आपलं भांडण तिथंच अर्धं राहिलंय.

सिंदीच्या किशोरशेटची गाडी पोळ्यानंतर आली. कापसाचे व्यापारी, गाडी त्यांच्या वडिलांची, पिस्ता रंगाची, वयानं माझ्याहून मोठी. चढावर क्लच घसरत होता. शेटच्या आईला, ऐंशी पार केलेल्या आजींना, याच गाडीतून गिरडला बाबा फरीदच्या दर्ग्याला जायचं होतं. नवऱ्यासोबत त्या तिच्यातूनच जायच्या. नव्या गाडीत म्हणे त्यांना मळमळतं. शेट तुला म्हणाले, ‘भाऊ, चढावर धोका नाई पाह्यजे. माय बसन मागं.’

आपण चेनकप्पीनं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही उतरवले. क्लच प्लेट तेलानं माखलेली होती. म्हणजे इंजिनचं मागचं सील गेलं होतं आणि गिअरबॉक्सचंही. जे हे काम करत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी रबराची बांगडी. तिच्या आत केसाएवढ्या बारीक स्प्रिंगची कडी असते. ती रबराचा ओठ दांड्याला धरून ठेवते. कडी नसेल तर ओठ चार दिवस धरतो, मग सैल पडतो आणि तेल बाहेर.

प्लेट आणि ही दोन सीलं बदलायची यात वाद नव्हता. वाद झाला तो इंजिनच्या पुढच्या सीलवरून.

‘तेही बदलू,’ मी म्हणालो. ‘इंजिन बाहेर आहेच. परत कोण उतरवणार?’

‘गळून राह्यलं का ते?’

‘आज नाही. उद्या गळेल.’

‘उद्या तं तू बी गळशीन. जे कोरडं आहे त्याले डिवचू नको, पाव्हन्या. इतके वर्सं ते शाफ्टसंगं संसार करून राह्यलं. नव्याचा काय भरवसा?’

‘रबर आहे ते, बायको नाही.’

‘तुले काय समजते? तू बायकोले बी पावडर लावून पाह्यत असशीन.’

तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी शेट आले, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यासमोर विषय काढला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं. पण भाऊ म्हनते तसं करा.’ मी पान्हा पेटीत टाकला तो आवाज शेटनाही ऐकू गेला असेल.

मंगळवारी सकाळी तू उजव्या हातानं मागचं सील बसवलंस. शाफ्टवर जुन्या सीलनं घासून घासून चर पाडली होती. कोणीही नवं सील सरळ त्याच जागी ठोकलं असतं आणि ते त्याच चरीतून गळलं असतं. तू ते दोन मिलिमीटर बाहेर बसवलंस, नव्या ओठाला कोरी जागा मिळावी म्हणून. मोजपट्टी नाही, खूण नाही. मी मागाहून व्हर्निअर लावून पाहिलं. दोन म्हणजे दोन. मला तुझं कौतुक वाटलं पाहिजे होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी जे वाटलं ते मी वरच सांगितलंय.

त्याच दुपारी गिअरबॉक्सचं सील. डाव्या हातात कव्हर धरून तू सील ठोकलंस आणि माझ्यापुढं धरलंस. ‘पाव्हन्या, बोट फिरव बरं एकडाव आतून.’

एकोणीस वर्षांत तू मला तुझं काम तपासायला सांगितलं नव्हतंस. एकदाही नाही. मी ज्याची वाट पाहत होतो तेच तू हातात धरून उभा होतास. आणि मी काय म्हणालो? ‘तुमच्या कामावर आम्ही काय बोट फिरवणार? जे कोरडं आहे त्याला डिवचू नये.’

तुझंच वाक्य तुलाच. फार हुशार वाटलं मला तेव्हा. तू हसलास, क्षणभर कव्हरकडं पाहिलंस आणि ते गिअरबॉक्सवर चढवून बोल्ट लावायला घेतलेस. मग म्हणालास, ‘बोल्ट तरी लाव, मले कंटाळा आला.’ महिनाभर तू हेच करत होतास. बारीक नट, बारीक बोल्ट, वायसर, सगळं माझ्याकडं सरकवायचास. मला वाटायचं, मालकी दाखवतोय.

गुरुवारी तू दुपारी जेवलास, अंबाडीची भाजी आणि भाकर, ओसरीवर खाटेवर आडवा झालास आणि उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. याचाही मला हेवा वाटला, लपवत नाही. आपल्या घरी, आपल्या खाटेवर, आपल्या भाषेत शेवटचा शब्द बोलून. वैनी सांगतात, तू म्हणालास, ‘पंखा हळू कर.’ मला इथं काही झालं तर माझी आई दोन दिवस रेल्वेत असेल.

तेरवी झाली आणि मी गॅरेज उघडलं. फियाट तशीच पोट उघडं टाकून उभी होती. पहिलं काम काय केलं असेल मी? पुढचं सील काढलं. आता कोण अडवणार होतं? पुली काढली, कव्हर काढलं, सील बाहेर ओढलं. कडक झालेलं, तडकलेलं असेल, आणि ते मी तुझ्या फोटोसमोर नेऊन ठेवीन, इथपर्यंत माझा बेत होता. पुर्शा, ते कानाच्या पाळीसारखं मऊ होतं. अजून दहा वर्षं गेलं असतं. नवं बसवलं, कारण काढलेलं परत घालत नाहीत. म्हणजे हरलोही मी, आणि वर निस्तरलंही मीच.

मग रॉकेलचा ट्रे साफ करताना तळाला काहीतरी चमकलं. बोटावर घेतलं. स्प्रिंगची कडी.

काढलेल्या जुन्या सीलांच्या कड्या असतील म्हणून ती तिन्ही सीलं शोधली. प्रत्येकात आपापली कडी होती. मागच्या नव्या सीलची कडी जागेवर होती, ती मी मंगळवारी स्वतः पाहिली होती. पुढचं तर मीच आता बसवलं होतं. म्हणजे राहिलं एकच. गिअरबॉक्सचं कव्हर उघडलं. बोट फिरवलं. आतली खाच रिकामी होती. ठोकताना कडी उडाली होती आणि तुझ्या बोटांना ते कळलं नव्हतं.

खरं सांगतो, पहिल्यांदा आनंद झाला. तो आनंद एवढा मोठा होता की मी ट्रे पालथा घालून त्यावर बसलो. एकोणीस वर्षांत एक! गॅरेजात कोणी नव्हतं, नाहीतर मी ओरडून सांगितलं असतं. आणि मग हळूहळू लक्षात आलं की ज्या बोटांना मोजपट्टीशिवाय दोन मिलिमीटर कळतं, त्यांना कडी उडालेली कळत नाही, असं कसं होईल? सकाळी उजवा हात. दुपारी कव्हर डाव्या हातात होतं, सीलखाली डावीच बोटं. बारीक नट. बारीक बोल्ट. ‘मले कंटाळा आला.’

कडी कागदात गुंडाळून मी तुझ्या घरी गेलो. वैनी तुझे शर्ट घडी करत होत्या, द्यायला काढलेले. मी कडी दाखवली, काय झालं ते सांगितलं.

त्यांनी हातातल्या शर्टाच्या गुंडीवर अंगठा फिरवला. ‘महिनाभर मीच लावत होती ह्या. डाव्या हाताची बोटं बधिर झालती त्याची. म्हने दिवाळीनंतर दाखवतो.’

‘मला का नाही सांगितलं?’

‘तुमालेच तं सांगाचं नाई म्हने. पाव्हना घाबरट आहे, जेवन सोडन.’

मला तेव्हा वैनींचाही हेवा वाटला, की तुझं दुखणं त्यांना माहीत होतं आणि मला नाही. इतका खालच्या थराचा माणूस आहे मी. मग मी त्यांना ते सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं: तू कव्हर पुढं धरलंस आणि मी बोट लावलं नाही.

त्यांनी शर्टाची घडी पुरी केली. मग म्हणाल्या, ‘तुमी बोट लावलं असतं तं सील नीट बसलं असतं. त्याची बोटं तं बधिरच राह्यली असती.’

‘पण वैनी, मी विचारलं असतं ना, की कडी कशी काय कळली नाही तुला.’

‘हाव,’ त्या म्हणाल्या. ‘विचारलं असतं.’

एवढंच. माझी समजूत काढली नाही त्यांनी, आणि दोषही दिला नाही. उठून चहा टाकला. मी निघताना विचारलं, हे पुस्तिकेत लिहू का? म्हणाल्या, ‘लिवा. चुकला तं चुकला. लपवाले तो काई चोर नोता.’

नवं सील आणलं, तेल लावून बसवलं, चार वेळा बोट फिरवलं. पाचव्यांदा फिरवायला कव्हर परत उघडलं, ते तू पाहिलं असतंस तर आठवडाभर हसला असतास. इंजिन चढवलं. गाडी फिरवून आणली. मग तुझ्या रीतीप्रमाणे जिनिंगमधली मूठभर रुई, सरकी काढलेला कापूस, आणून इंजिनाखाली पसरली. तू शेटलोकांना दुसऱ्या दिवशी ती उचलून दाखवायचास: ‘पांढरी आहे ना? मंग न्या.’ माझ्या हातानं ती पसरायची ही पहिलीच वेळ. सकाळी पाहिली, पांढरी होती.

शेट आले. रुई पाहिली, माझ्याकडं पाहिलं. ‘भाऊचाच हात लागला ना ह्याले? मायनं खास विचाराले सांगतलं.’

हो म्हटलं असतं तर गाडी तेवढ्यावर निघाली असती. तेल आलं नाही तर नाव तुझं, आलं तरी तुझंच. मी म्हणालो, ‘मागचं सील भाऊंचं. पुढचं आणि गिअरबॉक्सचं माझं.’

‘गिअरबॉक्सचं तं भाऊनं बसोलं होतं ना?’

‘बसवलं होतं. मी काढून परत बसवलं.’

‘काऊन?’

तोंडापर्यंत आलं होतं. ‘माझा जीव राहत नव्हता,’ मी म्हणालो. साऱ्या रोडला माझा स्वभाव माहीत आहे, त्यांना ते पटलं. फार पटलं नाही. थोडा वेळ गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, ‘मंग तुमी बी चला गिरडले. तुमचं सील, तुमीच सांभाळा.’

काल गेलो. शेट चालवत होते, मी पुढं, आजी मागं, मांडीवर मलिद्याचा डबा. जाम गाव मागं पडलं. टेकडीचा चढ लागला आणि मी कान इंजिनाला लावून बसलो. क्लच घसरला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर राहते, तो आवाज मला झोपेतही ओळखता येईल. शेटनी गिअर पाडला. गाडीनं एक गचका दिला. आजी म्हणाल्या, ‘हळू गा, बाप नाई चालवत होता असा.’ आणि गाडी चढली. सरळ, एका दमात, तुझ्या सीलवर आणि माझ्या सीलवर.

वर पोचल्यावर मी आधी उतरलो आणि गाडीखाली शिरलो. क्लचच्या घराला खाली भोक असतं, तेल आलं तर तिथून ठिबकतं. कोरडं होतं. मागून, पुढून, सगळीकडून कोरडं.

आजींनी खिडकीतून डोकं काढलं. ‘काय पाहून राह्यला गा खाली?’

‘सील पाहतोय आजी. गळत नाही ना ते.’

‘कोनं बसोलं?’

‘मी.’

‘तरीच,’ त्या म्हणाल्या. ‘पुरुषोत्तमचं असतं तं असं निजून पाहाव नसतं लागलं.’

पुस्तिका निघेल तेव्हा शेट हे आजींना वाचून दाखवतील आणि त्यांना कळेल ते कळेल. पण काल, गाडीखाली, पाठीला गिरडचे खडे टोचत असताना, मला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. कडी अजून माझ्या पाकिटात आहे. हात काढून दाखवली असती.

‘खरं आहे आजी,’ मी म्हणालो.

आणि पुर्शा, एकोणीस वर्षांत तुझा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता. माझ्यासाठी असं कोण खोटं बोलणार आहे रे? मी तिथंच पडून राहिलो. डोळ्यात धूळ गेली होती म्हणेन, कोणी विचारलं तर.

वरून आजींनी दार ठोठावलं. ‘निजला का गा? निंघ बाहेर, मलिदा थंडा होऊन राह्यला.’